वाचा गेलेल्या आईचे फोन

आधीच सांगून टाकते... या लिखाणात भूत नाही, पांढरी साडी नाही, पिंपळ तर नाहीच नाही. या ग्रुपवरचे अनुभव मी चवीनं वाचते आणि मनातल्या मनात लिहिणाऱ्याची टर उडवते. गावाकडे एका भगतानं माझ्या कानांसाठी लिंबू उतरवलं होतं, तेव्हा मी त्याला म्हटलं होतं, "बाबा, याचं सरबत कर आणि तूच पी, ऊन फार आहे." असल्या गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही बसलेला नाही. तरी लिहितेय, कारण हे कुणाला सांगायचं तेच कळेनासं झालंय.

मी बहिरी आहे. 'कर्णबधिर' म्हणा हवं तर, त्यानं ऐकू थोडंच येणार आहे! लग्नानंतर काही वर्षांनी एका तापात दोन्ही कान गेले. मशीन लावून बघितली, त्यात गोंगाट येतो, माणसं येत नाहीत. मी धुळ्याला देवपुरात राहते आणि तिथल्याच एका कॉलेजच्या लायब्ररीत काम करते. माझ्यासारखीला ही नोकरी बरी, तिथे सगळ्यांनीच गप्प बसायचं असतं. बाहेर मात्र लोक माझ्याशी ओरडून बोलतात, तेही तोंड एवढं वेडंवाकडं करून की ओठ वाचायचे राहूनच जातात.

माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. घरची केळी आहेत. वडील बऱ्याच वर्षांपूर्वी गेले. गावी आई, धाकटा भाऊ राजू आणि त्याची बायको सुनंदा. कान गेल्यावर सगळ्यात आधी तुटला तो आईचा फोन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणजे मेसेज नाही. मला ऐकू येत नव्हतं, म्हणजे कॉल नाही. काही वर्षं आम्ही मायलेकी राजूच्या मार्फत बोललो. आई अर्धा तास बोलायची आणि राजू मला मेसेज टाकायचा — 'आई बरी आहे. तब्येत सांभाळ.' बस्स, एवढंच. मला राजूचा इतका राग यायचा!

मग मी नवा फोन घेतला. त्याच्या सेटिंग्जच्या पोटात 'ॲक्सेसिबिलिटी' म्हणून एक कोपरा असतो, आपण कधी तिकडे जात नाही. त्यात मला ही सोय सापडली. कॉल आला की समोरचा जे बोलेल ते माझ्या स्क्रीनवर अक्षरांत उमटतं. मी उत्तर टाइप करायचं, ते फोन समोरच्याला वाचून दाखवतो, बाईच्या आवाजात. तो आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. सुनंदा म्हणायची, "गोड शे अक्का, एसटी स्टँडवालीपेक्षा तर लई बरा."

पहिल्याच दिवशी आईनं घोळ घातला. तिला वाटलं, मी फोनवर बोलायला एक बाई ठेवली आहे. पोरीला ऐकू येत नाही, म्हणून ही बाई ऐकते, तिला सांगते, आणि तिचा निरोप मला देते. राजूनं समजावलं, मी समजावलं — म्हणजे त्या बाईच्याच तोंडून समजावलं, मग काय उपयोग! आईचं एकच, "बाई, बेबीले सांगजो..." बेबी म्हणजे मी. चाळिशी उलटली तरी आईसाठी बेबीच. आधी त्या बाईची चौकशी व्हायची. "जेवनी का तू? पोरं-सोरं कितला शेत तुले?" मी बाईच्या वतीनं टाइप करायचे, 'जेवले आई. दोन मुलं आहेत.' एकदा तर तिनं बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, दोन पाकिटं पाठवली, एक माझ्यासाठी आणि एक फोनवाल्या बाईसाठी. दोन्ही मीच खाल्ली.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. आई बोलायची अहिराणी आणि फोनला येतं पुस्तकी मराठी. तिनं 'शे' म्हटलं की स्क्रीनवर शेठ, शेत, शेर... जे सापडेल ते उमटायचं. निम्मं हिंदी, निम्मं काहीच्या काही. मी त्यातून आई निवडून काढायला शिकले होते, तांदळातून खडे काढावेत तशी. तरी एवढ्या वर्षांनी रोज दुपारी माझी आई माझ्याशी बोलत होती. मला दुसरं काही नको होतं.

या चैत्रात आईला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. राजूनं तिला जळगावला एका खासगी दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा नाकात नळी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं होतं. मला बघून तिनं डोळे मिटले, उघडले, बस. डॉक्टर तरुण होते, माझ्यासाठी कागदावर लिहून समजावलं. मेंदूच्या बोलण्याच्या भागाला मार बसला आहे, कदाचित थोडं समजत असेल, पण शब्द येणार नाहीत. 'कधीच?' मी लिहिलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

रजा संपली, मला धुळ्याला परत यावं लागलं. राजूला म्हटलं, रोज दुपारी मला कॉल लाव आणि फोन आईच्या कानाशी धर. तिला बोलता येत नाही तर नाही, बाईचा आवाज तरी ओळखीचा आहे. तो बिचारा लावायचा. मी टाइप करायचे — 'आई, बेबी म्हणते घाबरू नको. बेबी म्हणते रविवारी येते.' स्क्रीन कोरीच असायची. कधी मागून नर्स काही बोलली तर तिचे दोन शब्द यायचे, आणि पुन्हा कोरी.

आणि मग एका दुपारी अक्षरं आली.

'बाई, आखाजी उनी.' म्हणजे आखाजीचा सण आला.

मला वाटलं राजू बोलला. मी टाइप केलं, 'राजू, तू बोललास का?' बाईनं ते आईच्याच कानात वाचलं असणार. उत्तर आलं, 'बेबीले सांग, माले घर लई चाल म्हना. माले आठे नही ऱ्हानं.' मला घरी घेऊन चल म्हणावं, मला इथे नाही राहायचं.

बघा... एकही शब्द बिघडलेला नाही. 'शे' ला शेठ करणाऱ्या त्या फोननं जशीच्या तशी अहिराणी लिहिली होती. कॉल संपल्यावर राजूला मेसेज केला, खोलीत कोण होतं? तो म्हणाला, कोणी नाही. आई होती. गप्प होती. लायब्ररीतल्या सरांनी माझ्याकडे बघून खुर्ची पुढे केली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'घागर लई ठेयेल शे. चूलना मांगे कोनाडामा शे. घागर भरनी शे, बाई. बठ्ठा वाट दखी राहिनात.' घागर आणून चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली आहे, ती भरायची आहे, सगळे वाट बघताहेत. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर खरबूज-आंबे ठेवतात. लेकीबाळी माहेरी येतात, झोके बांधतात. आई दरवर्षी वडिलांच्या नावाची घागर भरायची. मला वाटलं, तिचा जीव त्यात अडकलाय. मी टाइप केलं, 'हो आई. नेते. आखाजीच्या आधी घरी नेते.'

रविवारी पारोळा, एरंडोल करत जळगाव गाठलं. राजूला स्क्रीन दाखवली. तो वाचत राहिला. मग म्हणाला — हे माझ्या फोनच्या दुसऱ्या ॲपमध्ये उमटलं, समोरासमोर बोलताना मी ते लावते — "अक्का, हाई मशीन शे. शेजारनी खोलीमा टीव्ही चालू ऱ्हास, तेच लिखत आशीन." बरं, म्हटलं, बघू. शेजारचा टीव्ही त्यानं विनंती करून बंद करायला लावला. दार लावलं. नर्सला बाहेर थांबवलं. त्याच्या फोनवरून मला कॉल लावला आणि तो फोन आईच्या उशीवर, तिच्या ओठांजवळ ठेवला. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते, माझा फोन हातात. राजू माझ्या खांद्यावरून बघत होता.

लख्ख दुपार होती. खिडकीतून ऊन आईच्या पांघरुणावर आलं होतं. तिचे ओठ मिटलेले होते, मी माझ्या डोळ्यांनी बघत होते, मला ओठांशिवाय दुसरं बघताच येत नाही. ओठ हलले नाहीत. आणि स्क्रीनवर उमटलं...

'बाई, पोरगी आठेच उभी शे. तिले सांग ना. काबर लई जातस नही माले?' का नेत नाहीत मला?

राजूनं माझा खांदा घट्ट धरला. मी फोन बाजूला टाकला, आईचा हात हातात घेतला आणि माझ्याच तोंडानं म्हटलं, आई, मला सांग, मी आहे ना, मला सांग! ती माझ्याकडे बघत राहिली. काही नाही. तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी ओघळलं, पण डॉक्टर म्हणाले तसं या आजारात होतंच.

कॉरिडॉरमध्ये आमचं भांडण झालं. मी म्हटलं, आजच घरी न्यायचं. राजू म्हणाला, "नळी कोन बदली? ऑक्सिजन कोन दखी? आपला गावमा दुपारले लाईट जास, माहीत शे ना तुले? वाटमाच काही व्हयनं तं?" माझ्या ॲपमध्ये त्याची अहिराणी नेहमीसारखीच तुटकी-मुटकी उमटत होती. मला तेही दिसत होतं, त्याला दाखवावंसं वाटत होतं, पण तो रडत होता. डॉक्टरांनी स्पष्ट लिहून दिलं. हलवलं तर जिवाला धोका आहे, निर्णय तुमचा.

राजू वाईट नाही हो. त्यानं मग एक केलं, सुनंदाला फोन लावला. चुलीमागच्या कोनाड्यात घागर आहे का बघ म्हणाला. आमच्या घरात आता गॅस आहे. चूल आहे ती मागच्या अंगणात, पाणी तापवायला. सुनंदानं जाऊन बघितलं, फोटोसुद्धा पाठवला. चुलीमागे साधी विटांची भिंत. कोनाडा नाहीच. कधी नव्हताच. आणि या वर्षी आईनं घागर आणलीही नव्हती, त्याच्या आधीच ती पडली. राजूनं तो फोटो माझ्यापुढे धरला. आईला आपल्या घरातली चूल माहीत नसेल, असं थोडंच म्हणता येतं! कोनाडा निघाला असता तर त्यानं नेलं असतं, असं तो आजही म्हणतो.

मी धुळ्याला परतले. कॉलेजातले कॉम्प्युटरचे सर मला चांगले ओळखतात, त्यांना विचारलं. त्यांनी छान समजावलं. म्हणे, असा प्रोग्रॅम शांततेतही शब्द शोधत असतो, पंख्याच्या घरघरीतून अंदाजानं वाक्यं रचतो, मागची बोलणी लक्षात ठेवून तसलीच लिहितो. मला ते पटलं. खरंच पटलं. मला पटवून घ्यायचंच होतं. पण रोज दुपारी कॉल यायचा आणि स्क्रीनवर यायचं, 'माले घर लई चाल.' आणि मी रोज टाइप करायचे, 'हो आई, नेते. उद्या नेते.' मशीनशी बोलतेय असं स्वतःला सांगत टाइप करायचे. त्या उद्याचं मला काही करता येत नव्हतं. एकदा नवऱ्यानं फोन हातातून काढून घेतला, तर मी त्याच्या अंगावर धावून गेले.

शेवटच्या दुपारी ती माझं नावच घेत नव्हती. उमटलं ते एवढंच — 'हाई लोके काही लई जावावू नहीत. बाई, तू तरी चाल मनासंगे.'

ही माणसं काही मला नेणार नाहीत. बाई, तू तरी चल माझ्याबरोबर.

मग टाइप केलं, 'येते.' दुसरं काय लिहिणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. आखाजी तोंडावर होती.

गावी पोचायच्या आधी मी जीपमधूनच सुनंदाला कॉल केला, निघालोय म्हणून कळवायला. तिनं पहिलं काय विचारलं माहीत आहे? 'अक्का, आज ही दुसरीच बाई का बोली राहिनी?' निदान त्या बिघडलेल्या अक्षरांतून मी तरी तसंच वाचलं. नंतर तिला समोर बसवून विचारलं. म्हणाली, तो गोड आवाज नव्हता, वेगळाच होता, कोरडा. मी सेटिंगला हात लावलेला नाही. लावला असता तरी मला आवाजातला फरक कळणार कसा? दुकानात फोन दाखवला, आवाजांच्या यादीतले सगळे एकेक करून सुनंदाला ऐकवले. ती प्रत्येकाला नाही म्हणाली. दुकानदार म्हणाला अपडेट आला असेल. असेलही.

दशक्रियेला मामा आले, आईचे धाकटे भाऊ. दीपनगरला पॉवर स्टेशनमध्ये नोकरी झाली, आता रिटायर होऊन भुसावळला असतात. आईच्या माहेरचं एवढंच एक माणूस आम्ही बघितलेलं. विधी उरकल्यावर ओट्यावर बसले होते, मी शेजारी बसले, फोन पुढे ठेवला. सहज बोलावं तसं मी त्यांना सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. मामा वाकून माझ्या फोनजवळ आले आणि हळूहळू, शब्द सोडून सोडून बोलले. मशीनला समजावं म्हणून शहरी मराठीत.

"कोनाडा आमच्या घरात होता, बेबी. चुलीच्या मागे. आमची माय आखाजीच्या आधी कुंभाराकडून घागर आणायची आणि त्यात ठेवायची, आम्हा पोरांचा धक्का लागू नये म्हणून. तुझी आई लग्न होऊन गेली, पहिल्या आखाजीला माहेरी आली, तिनंच ती घागर भरली. पुढच्या पावसात गाव धरणात गेलं."

मी विचारलं, मग नंतर?

"नंतर कुठे येणार ती? आम्हीच भाड्याच्या खोल्यांत. ताई मग आखाजीला कधी आलीच नाही. आम्ही बोलावलंही नाही... कुठे बोलावणार?"

मला हे माहीत नव्हतं. राजूला नव्हतं. आईच्या माहेरचं गाव पाण्याखाली गेलं एवढं ऐकून होतो, बाकी आम्ही कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. दर आखाजीला ती माझी वाट बघायची, माझ्यासाठी मांडे करायची, मला झोका बांधायची. आखाजीला तिलाही कुठे जावंसं वाटत असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही कधी. फोनवर हा विषय निघाला नव्हता, एकदाही नाही. मग मशीननं तो कोनाडा कुठून आणला? सरांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, योगायोग असू शकतो मॅडम.

असू शकतो. मशीन म्हणावं तर आई शेवटच्या दिवसांत माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. आई म्हणावी तर ती रोज हात जोडत होती आणि मी 'उद्या, उद्या' करत होते. दोन्हीकडून मीच मरते. कुणी अनुभवी असेल तर सांगा, पण धीर देऊ नका, तो खूप झाला.

राजू अजून म्हणतो, अक्का, आपण तिला घरी आणायला हवं होतं. मी त्याला मामांचं बोलणं सांगितलेलं नाही. कसं सांगू? माझी आई इतके दिवस माहेरी जायचं म्हणत होती, आणि आम्ही दोघं भांडत होतो ते तिला सासरी न्यायचं की नाही यावर.